वासोट्याची जुनी वाट : तीस वर्षांनी पुन्हा जायचे आहे, काय शिल्लक असेल?

जुना वाटसरू

नमस्कार मंडळी. जानेवारी १९९५ मध्ये आम्ही चार मित्र सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरलो, ओढ्याकाठच्या मारुतीपाशी रात्र काढली, दुसऱ्या दिवशी वासोटा किल्ला पाहिला आणि तिसऱ्या दिवशी नागेश्वराच्या गुहेवरून कोकणात चोरवण्याला उतरून एसटीने खेड गाठले. गाव तेव्हाही रिकामेच होते, मात्र घरांची जोती स्पष्ट दिसत होती आणि दोन अंगणांत तुळशीवृंदावने उभी होती. वाटेचे म्हणाल तर ती एक वाट नव्हतीच. ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा आणि ओढ्याच्या कडेने जाणाऱ्या वाटा यांचे जाळे होते, त्यात आम्ही दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा जनावरांच्या शेणाचा माग काढत पुन्हा मूळ वाटेला लागलो.

माझी मुलगी आता पंचवीस वर्षांची आहे आणि माझी त्या वेळची वही हाती लागल्यापासून याच वाटेने जाऊ या म्हणून मागे लागली आहे. वहीतल्या खुणा अशा आहेत : ‘ओढ्यापासून साधारण दोनशे पावले, जोत्यांच्या मागे तीन आंबे ओळीने. तिसऱ्या आंब्यापाशी वाटा फुटतात, ढोरवाट सोडणे. अर्ध्या तासाने दगडी ओटा, कमरेच्या वर, बसायला गैरसोयीचा. पुढे कारवी. कारवी संपली की गवताळ मोकळवण, तिथून गडाची तटबंदी दिसते.’ गेल्या वर्षी जाऊन आलेला एक मित्र म्हणतो की यातले काहीही आता सापडणार नाही आणि वही घरीच ठेवलेली बरी. अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे, तीस वर्षांत या जंगलात नेमके काय बदलले आहे? मुक्काम करून नागेश्वरावरून खाली उतरण्याचा बेत अजून जमण्यासारखा आहे का?

शनिवारचा ट्रेकर

मुक्कामाचा बेत आधी मनातून काढून टाकावा. गडावर, ओढ्याकाठी किंवा गुहेत, कोठेही रात्री राहण्यास परवानगी नाही. बामणोलीच्या वनखात्याच्या कार्यालयात ओळखपत्र दाखवून परवाना घ्यावा लागतो, बोट ठरवावी लागते आणि संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर पडावे लागते. पावसाळ्याचे महिने प्रवेशच बंद असतो. बोटीला जाताना साधारण दीड तास लागतो, येतानाही तितकाच, म्हणजे गडासाठी हातात उरतात ते पाच-साडेपाच तास. त्यामुळे बोटीने परतायचे असेल तर गड आणि नागेश्वर दोन्ही होत नाहीत. चोरवण्याला उतरण्याबद्दल वनखात्याला आधी विचारल्याशिवाय काहीही ठरवू नये, कारण कोकणच्या बाजूने कोणाला केव्हा सोडतात हे वेगळे प्रकरण आहे आणि महाशिवरात्रीला भाविकांना सोडले म्हणजे आपल्यालाही सोडतील असे नसते.

उतरल्यावर पिशव्या उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, अनामत रक्कम घेतात आणि परतताना त्याच वस्तू दाखवल्यावर ती परत देतात. बिस्किटांचे पुडे घरीच फोडून डब्यात भरावेत, मोजदाद सोपी जाते. वाट चुकण्याची भीती बाळगू नये. आता ती इतकी मळलेली आहे की डोळे मिटून चालले तरी चालेल.

कोयनाकाठ

‘इतकी मळलेली’ या शब्दांवर थोडे थांबावेसे वाटते. आमचे मूळ गाव त्या खोऱ्यातलेच. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले, खोऱ्यातली सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि आमचे अर्धे भावकीचे लोक ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत, तर काही थेट सोलापूरच्या उन्हात नेऊन वसवले गेले. काही घरे मात्र पाण्याच्या वर, डोंगराच्या पदरात सरकली आणि नाचणी-वरीवर तगून राहिली. पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि उरलीसुरली वस्तीही टप्प्याटप्प्याने उठू लागली. लोकांना धरणाचे विस्थापित ठाऊक असतात. त्याच खोऱ्यात दुसऱ्यांदा उठलेली घरे आहेत हे फार जणांना ठाऊक नसते.

आपण ज्याला वाटांचे जाळे म्हणता ते आमच्या लोकांच्या रोजच्या कामाचे जाळे होते. एक वाट राबासाठी, म्हणजे शेत भाजण्यासाठी, फांद्या तोडायला जाण्याची, एक हिरडा गोळा करण्याची, एक गुरांना पाण्यावर नेण्याची, आणि एक माहेरवाशिणींची, जी डोंगरधारेवरून थेट कोकणात उतरायची. प्रत्येक वाटेला पावसाळ्यानंतर कोयता लागे. कोणी मुद्दाम दुरुस्ती करत नसे. जाता-येता आडवी आलेली फांदी तोडायची, निसटलेला दगड पायाने जागेवर बसवायचा, एवढेच चाले. माणसे उठली आणि दोन-चार पावसाळ्यांत या वाटा बुजल्या. उरली ती एकच, गडावर जाणारी. तिच्यावरून हल्ली हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी जितके पाय जातात तितके आमच्या गावाचे वर्षभरातही जात नसतील. म्हणून ती मळलेली दिसते.

आता आपल्या वहीतला ‘बसायला गैरसोयीचा’ दगडी ओटा. तो बसण्यासाठी नव्हताच. डोक्यावर ओझे घेऊन चढणाऱ्या माणसाला एकट्याने ते उतरवता येत नाही आणि पुन्हा चढवताही येत नाही. म्हणून खांद्याच्या जरा खाली येईल अशा उंचीवर दोन उभ्या दगडांवर एक आडवी फरशी टाकलेली असे. माणूस पाठमोरा टेकायचा, ओझे फरशीवर सरकवायचे, घाम पुसायचा, चार शब्द बोलायचे आणि पुन्हा ओझे डोक्यावर घेऊन निघायचे. माझी आजी कोकणातून मीठ आणि सुकट घेऊन त्या वाटेने वर येत असे. ती बुटकी होती, त्यामुळे ओटा तिच्या बरोबर खांद्याशी येई. आपण उंच असाल तर तो कमरेच्या वर वाटला असेल.

जुना वाटसरू

कोयनाकाठ, आपले उत्तर मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवले. त्या ओट्यावर बसून आम्ही चौघांनी चिवडा खाल्ला होता आणि हा बांधणाऱ्याला बसण्याची उंची कळत नव्हती असा विनोदही केला होता. तीस वर्षांनी त्याची लाज वाटते आहे.

एक शंका अजून उरते. माणसे गेल्यावर जंगल दाट होणार हे समजते, पण माझा मित्र म्हणतो की वरची गवताळ मोकळवणही आता राहिलेली नाही. तिथे तर कधी शेती नव्हती. मग ती का बुजली?

पानगळ

मी वनस्पतिशास्त्राची शिक्षिका आहे आणि या पट्ट्यात विद्यार्थ्यांना घेऊन काही वेळा गेले आहे, म्हणून या शंकेला जरा सविस्तर उत्तर देते.

सह्याद्रीच्या माथ्यावरची गवताळ मोकळवणे दोन प्रकारची असतात. जिथे कातळ उघडा आहे आणि माती बोटभरही नाही, तिथले गवत निसर्गतःच टिकते, कारण झाडाला मूळ धरायला जागाच नसते. कासचे पठार हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. दुसरा प्रकार उतारावरच्या मोकळवणांचा. तिथे माती भरपूर असते आणि पाऊसही प्रचंड पडतो, त्यामुळे तिथे खरे तर जंगलच यायला हवे. पण गुरे चरत असत, गवत कापले जाई आणि नवे गवत लवकर फुटावे म्हणून उन्हाळ्याआधी जुने गवत पेटवले जाई. या तीन गोष्टींमुळे झाडाचे रोप गुडघ्याएवढे होण्याआधीच मरत असे. गुरे गेली, कापणी थांबली, वणव्यांवर वनखात्याची नजर आली की त्या गवतात आधी झुडपे घुसतात, त्यांच्या सावलीत जांभूळ, अंजनी, पिसा यांची रोपे तग धरतात, आणि वीस-पंचवीस वर्षांत तिथे मोकळवण होती हे सांगावे लागते. आपण १९९५ मध्ये पाहिलेली मोकळवण बहुधा या दुसऱ्या प्रकारची असावी.

हा बदल सगळाच चांगला, असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या गावठाणांच्या आणि शेतांच्या जागी सगळीकडे जुने जंगल परत येत नाही. उजेड आणि उकरलेली माती मिळाली की घाणेरी आणि रानमोडी आधी पोचतात. या दोन्ही परदेशातून आलेल्या वनस्पती आहेत, गुरे त्यांना तोंड लावत नाहीत आणि एकदा रान धरले की त्या देशी रोपांना वर येऊ देत नाहीत. दाट जंगलाच्या आत त्यांना सावली सोसत नाही. म्हणून त्या कडेकडेने, विशेषतः रुंद झालेल्या वाटांच्या कडेने, आत सरकतात. आपण चालाल तेव्हा याकडे लक्ष द्यावे : जिथे लोकांनी वळण टाळून सरळ चढण्यासाठी आडवाट पाडली आहे, तिथे पावसाचे पाणी त्याच आडवाटेने धावते, माती वाहून जाते, मुळे उघडी पडतात आणि वरचा झाडोरा विरळ झाला की रानमोडी तिथेच उगवते.

कारवी या झुडपाचेही एक सांगते. ती सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदम फुलते आणि बी धरून सगळी रानेच्या रानेच वाळते. वाळलेल्या काठ्या पुढच्या पावसाळ्यात आडव्या पडतात आणि त्यांतून वाट काढणे कठीण होते. पूर्वी घरांच्या कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या सतत तोडल्या जात, त्यामुळे वस्तीजवळचे कारवीचे रान मोकळे राही. आता तोडणारे कोणी नाही. वहीत ‘पुढे कारवी’ असे लिहिले आहे त्या जागी आपल्याला भिंत भेटली तर आश्चर्य वाटू देऊ नये.

रानवेडा

हे सगळे वाचायला छान आहे, पण खरे बोलायचे तर वासोट्याचा ट्रेक आता ट्रेक राहिलेला नाही. रांगेने बोटीत बसा, रांगेने चढा, माथ्यावर बाबुकडा या सरळसोट कड्याच्या टोकाशी रांगेने छायाचित्रे काढा आणि बोटवाल्याने दिलेल्या वेळेत परत या. गडासमोरच्या ‘जुना वासोटा’ या डोंगराची वाट केव्हाच बुजली. १८१८ मध्ये इंग्रजांनी याच जुन्या वासोट्यावर तोफा चढवून गडावर मारा केला आणि गड घेतला. दोनशे वर्षांपूर्वी ज्या डोंगरावर तोफा पोचल्या, तिथे आज पाण्याची बाटली घेऊन जाता येत नाही, याला काय म्हणावे? ज्यांनी हे डोंगर वर्षानुवर्षे जबाबदारीने पायाखाली घातले त्यांनाही सहलीला आलेल्या गर्दीच्याच मापाने मोजले जाते.

पानगळ

आपली चिडचिड समजते, आणि गर्दी एकाच वाटेवर कोंबण्याचे दुष्परिणाम मी वर लिहिलेच आहेत. पण जंगलाच्या आतल्या गाभ्यात माणसाचा वावर कमी ठेवण्याचे कारण केवळ कागदी नाही. वर्षानुवर्षे या प्रकल्पात वाघाची क्वचितच चाहूल लागे. डिसेंबर २०२३ मध्ये कॅमेऱ्याने वाघ टिपला, तेव्हा आम्हा शिक्षकांच्या गटात दिवसभर दुसरा विषय नव्हता. गडाला व्याघ्रगड असे दुसरे नाव आहे, ते नुसते नावच उरावे असे आपल्यालाही वाटत नसावे. गवे आणि अस्वले तर तिथे आहेतच, आणि रात्रीचे जंगल त्यांना मोकळे मिळावे एवढीच मुक्कामबंदीमागची साधी गोष्ट आहे.

कोयनाकाठ

रानवेडा यांना एवढेच सांगतो की डोंगर वर्षानुवर्षे जबाबदारीने पायाखाली घातलेले लोक आमच्याकडेही होते आणि त्यांनाही याच मापाने मोजले गेले. तुमचा मुक्काम गेला, आमचे गाव गेले. त्यापुढे मला या वादात पडायचे नाही.

जुना वाटसरू

मंडळी, गेल्या आठवड्यात जाऊन आलो. शनिवार टाळून बुधवारी गेलो, त्यामुळे बोटीत आम्ही दोघे आणि साताऱ्याहून आलेले पाच जण एवढेच होतो. वृत्तांत लिहिणे मी आपल्या सर्वांचे देणे लागतो.

पाणी खाली गेले होते, त्यामुळे उतरल्यावर आधी भेगाळलेल्या गाळावरून चालावे लागले. १९९५ मध्ये लाँच थेट झाडांच्या सावलीत लागली होती असे मला आठवत होते. चौकीवर आमच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या : बाटल्या दोन, खाऊच्या पिशव्या तीन आणि मुलीच्या औषधाचे एक पाकीट. ओढ्याकाठचा मारुती तसाच आहे, शेंदूर ताजा होता. त्याच्यापासून पावले मोजत निघालो. एकशे नव्वदाव्या पावलाला वाटेच्या डाव्या हाताला दगडांची रास दिसली. जोती हीच असावीत, पण त्यांच्यातून मनगटाएवढी झाडे वर गेली आहेत आणि मला आठवणारी तुळशीवृंदावने मात्र कोठेही दिसली नाहीत. आंबे दोन सापडले. तिसरा आडवा पडला आहे. त्याच्या बुंध्यावर इतके शेवाळ आणि नेचे वाढले आहेत की मुलीने हात लावून दाखवेपर्यंत मी त्याला बांध समजत होतो.

ढोरवाट जिथे फुटायला हवी तिथे काहीच नव्हते. मी पाच मिनिटे उभा राहून शोधले. झाडांच्या रांगेत एक बारीकशी फट दिसल्यासारखी वाटते, पण ती वाटेची आहे की माझ्या इच्छेची हे ठरवता येईना. उलट गडाची वाट तीन माणसे शेजारी-शेजारी चालतील इतकी रुंद झाली आहे. पानगळ यांनी लिहिलेल्या आडवाटा मुलीने मोजल्या, पहिल्या तासात अकरा. त्यांपैकी चारांत मुळे हातभर उघडी पडलेली होती, आणि एका ठिकाणी तर पायरीसारखा पाय ठेवलेला भाग हा अंजनीच्या मुळाचाच निघाला. त्याची साल लोकांच्या बुटांनी घासून गुळगुळीत झाली होती. तरीही एक गोष्ट रानवेडा यांनाही मान्य करावी लागेल. अकरा वाजता ऊन चढलेले असताना आम्ही जवळजवळ संपूर्ण चढ सावलीत चढलो. १९९५ च्या वहीत याच टप्प्याला मी ‘ऊन फार, टोपी विसरलो’ असे लिहिले आहे.

दगडी ओटा सापडला. तो आताच्या वाटेवर नाही, वाटेपासून दहा-बारा पावले आत आहे, म्हणजे जुनी वाट तिथून जात असणार. आडवी फरशी एका बाजूने घसरून टेकली आहे. मी बसलो नाही. मुलगी त्याला पाठ लावून उभी राहिली आणि पाठीवरची पिशवी फरशीवर सरकवून पाहिली. तिची उंची पाच फूट एक इंच आहे आणि ओटा बरोबर तिच्या खांद्याशी आला.

कारवीची भिंत भेटली, पण वाट तिच्यातून स्वच्छ कापून काढलेली आहे. मोकळवण नाहीशी झाली आहे. तटबंदी आता पडक्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत दिसतच नाही आणि मग एकदम अंगावर येते. मला ते आधीपेक्षा जास्त आवडले. गडावर मारुतीच्या बिनछपराच्या देवळाशी डबा खाल्ला, काळकाईचे ठाणे या माचीवरून रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे किल्ले दिसले, धुके नव्हते. पूर्वी हा गड लढवणाऱ्या ताई तेलिणीच्या वाड्याची म्हणून दाखवतात ती जागा झुडपांनी भरून गेली आहे. नागेश्वराकडे जाणारी वाट फक्त फाट्यावरून पाहिली आणि वनरक्षकांच्या सांगण्याप्रमाणे तिकडे पाऊल टाकले नाही. उतरताना गुडघ्यांनी बरीच कुरकुर केली, ती तीस वर्षांची वजावट समजून सोडून दिली.

चौकीवर परत मोजणी झाली तेव्हा औषधाचे पाकीट सापडेना. शोधल्यावर ते वहीत, ‘दगडी ओटा’ लिहिलेल्या पानात खुणेसाठी घातलेले निघाले.

कोयनाकाठ, एक विचारायचे राहिले. त्या तीन आंब्यांची काही हकिकत आपल्याला ठाऊक आहे का? वहीत नवे पान सुरू केले आहे आणि ‘तीन आंबे, एक पडलेला’ एवढेच लिहिणे अपुरे वाटते.

कोयनाकाठ

माझे गाव मेट इंदवली नव्हे, शेजारचे, म्हणून मी कालच वडिलांना फोन करून विचारले. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. आंबे कोणी लावले हे त्यांना सांगता आले नाही. ओढ्याकडून पहिल्या दोन झाडांचे आंबे गोड आणि रसाचे होते. तिसऱ्याचे इतके आंबट की मुलेसुद्धा दगड मारत नसत, पण पावसाळ्याचे लोणचे सगळ्या आळीत त्याच्याच कैऱ्यांचे घातले जाई. पडलेला आंबा ओढ्यापासून तिसराच आहे ना, हे त्यांनी मला दोनदा विचारले. आपण खात्री करून कळवावे, मला त्यांना सांगायचे आहे.

जुना वाटसरू

होय, तिसराच. त्याच्या पडलेल्या बुंध्यातून दोन नवे फुटवे वर आले आहेत, सुमारे माझ्या छातीएवढे. मुलीने छायाचित्र काढले आहे, आपल्याला खासगी निरोपातून पाठवतो.